तिसरी ‘ब’ दसऱ्यानंतर काय शिकली

नोकरीतल्या आठवणी लिहायच्या तर माणूस आधी निवृत्त झालेला असावा, अशी आपल्याकडे रीत आहे. केस पांढरे, राग निवलेला, आणि ज्यांच्याविषयी लिहायचं ते बहुतेक वारलेले. माझं तसं काही नाही. मी सत्तावीस वर्षांची आहे, राग जागच्या जागी आहे, आणि ज्यांच्याविषयी लिहिते आहे ते सगळे इथे बंगळुरात, राजाजीनगरातच राहतात. भाजी आणायला गेले की दिसतात. म्हणून शाळेचं नाव लिहीत नाही. तशी गरजही नाही. हा अंक वाचणाऱ्या प्रत्येकाच्या घराजवळ अशी एक शाळा असणार.

तीन वर्षांपूर्वी मी त्या शाळेत तिसरी ‘ब’ची वर्गशिक्षिका होते. शाळा खाजगी, इंग्रजी माध्यमाची. मुलं मला ‘मिस’ म्हणत आणि मुख्याध्यापिकांना सगळे जण ‘एच.एम. मॅडम’.

बाहेरच्या वाचकांसाठी आमच्या धंद्यातले दोन शब्द आधी सांगते. पहिला ‘पोर्शन’. अभ्यासक्रमाला इथे कुणी अभ्यासक्रम म्हणत नाही. पोर्शन घेतात, पोर्शन ओढतात, पोर्शन संपवतात. दोन शिक्षिका भेटल्या की तब्येतीआधी पोर्शन विचारतात. मुलांना काय कळलं हा त्या प्रश्नाचा भाग नसतो. तुम्ही शेवटच्या पानावर पोचलात की पोर्शन संपला; वर्ग मागे सातव्या पानावर बसलेला असला तरी चालतं. दुसरा शब्द ‘बायहार्ट’, म्हणजे पाठ करणं. आमच्या शाळेत भूगोल बायहार्ट करत, गणित बायहार्ट करत, आणि निबंधही. माझ्या वर्गातल्या एका मुलीने पावसाची माहिती न चुकता म्हणून दाखवली आणि त्याच सुरात शेवटी म्हणाली, ‘खालील चित्र पाहा.’ तिला पैकीच्या पैकी गुण होते. मी दिले नव्हते, पद्धतीने दिले होते.

आता सत्रांविषयी. जून ते दसरा पहिलं सत्र. त्यात मुलं बसायला शिकतात. संक्रांतीनंतर नुसत्या परीक्षा. मधलं, दसऱ्याच्या सुट्टीनंतर नाताळपर्यंतचं सत्र, हे खरं शिकायचं. हवा चांगली असते, मुलं आजारी पडत नाहीत, आणि तिसरीत याच सत्रात अपूर्णांक येतात. अर्धा, पाव, पाऊण. तिसरीच्या मुलाच्या आयुष्यातली ही फार मोठी घटना आहे. तोवर त्याच्या जगात एक असतं, दोन असतात. आता पहिल्यांदा कुणीतरी त्याला सांगतं की एकाच्या आतसुद्धा काही आहे.

दर सत्राच्या सुरुवातीला पालकांकडे एक कागद जायचा: ‘या सत्रात आपले मूल काय शिकेल.’ मागच्या वर्षीचा कागद घ्यायचा, साल बदलायचं आणि सायक्लोस्टाइलला द्यायचा, अशी पद्धत होती. मी नवीन होते. मी तो खरोखर लिहिला.

इथे माझ्या घराविषयी थोडं सांगायला हवं. माझे वडील मूळचे सोलापूरचे. इथल्या एका सरकारी कारखान्यात फिटर आणि युनियनचे कार्यकर्ते. घरात पुस्तकं मोजकी होती, पत्रकं मात्र ढिगाने. सोलापूरचे त्यांचे जुने सोबती मराठी पत्रकं टपालाने पाठवायचे, इथली कानडी आणि इंग्रजी. माझ्या वह्यांची कव्हरं पत्रकांची. मी वाचलेला पहिला मराठी शब्द ‘बंधूंनो’ होता आणि पहिलं विरामचिन्ह उद्गारचिन्ह. अशा मुलीला पालकांसाठी कागद लिहायला सांगितला तर काय होणार?

मी कानडी आणि इंग्रजीत लिहिलं, त्याचं मराठी असं: ‘पालकहो, नाताळपर्यंत तुमचं मूल एका वस्तूचे सारखे भाग करायला शिकेल. शेंगा, पोळी, दोरी, जे हाताशी असेल ते घेऊन. ते चुकेल आणि पुन्हा करील. घरी येऊन प्रश्न विचारील. त्याला गप्प करू नका. सत्र संपल्यावर शाळेत या आणि त्यालाच विचारा, काय शिकलास!’

एच.एम. मॅडमनी मला बोलावलं.

“हे काय आहे?”

“टर्म शीट, मॅडम.”

“टर्म शीट असं नसतं. हे फॅक्टरीच्या गेटवर वाटतात ते आहे.”

त्यांचं निदान अचूक होतं. पण कानडी प्रती आधीच छापून झाल्या होत्या, म्हणून इंग्रजीही तशीच गेली. मॅडमनी शेवटचं उद्गारचिन्ह तेवढं स्वतःच्या हाताने खोडलं.

पालकांचं काय झालं म्हणाल, तर बहुतेकांनी कागद वाचला नाही. दोघांनी वाचला, आणि योगायोगाने दोघेही मराठी. एक होते आदित्यचे बाबा. पुण्याहून नुकतेच आलेले, कॉम्प्युटरच्या कंपनीत. ते दुसऱ्याच दिवशी आले.

“मॅडम, शीट वाचली. इंटरेस्टिंग आहे. पण ॲक्च्युअली आदित्यने फ्रॅक्शन्स पुण्यातच कव्हर केलीत. त्याला थोडं ॲडव्हान्स देता येईल का? वी माइट मूव्ह टु द स्टेट्स.”

“अमेरिकेत अर्धा वेगळा असतो का हो?” मी विचारलं.

ते हसले. माणूस वाईट नव्हता.

दुसरी वाचणारी सरोजक्का. तिची मुलगी रेणुका, आम्ही रेणू म्हणायचो, शेवटच्या बाकावर बसायची. सरोजक्का तुमकूर रस्त्याकडच्या एका गार्मेंट कारखान्यात शिलाईवर होती. घराणं इथलंच, कितीतरी पिढ्यांचं. “आमचे कधी आले कोणाला ठाऊक मिस, राजाच्या संगती आले म्हणतात. राजा गेला, आम्ही राहिलो की,” असं ती सांगायची. नवरा नव्हता. सकाळी मुलीला शाळेत सोडून, खोलीला कुलूप लावून ती बस पकडायची. तिने तो कागद कानडीत वाचला होता आणि रस्त्यात मला थांबवलं.

“मिस, लिहिलंय ते खरं? येऊन विचारायचं पोरीला?”

“खरं. नाताळच्या आधी या.”

“सरी, बरं. मी एक दिवस रजा टाकते तर.”

तिच्या कारखान्यात रजा टाकणं म्हणजे दिवसाचा पगार सोडणं, हे मला माहीत होतं. मी कागदावर चार ओळी लिहिल्या होत्या. तिने त्यावर एक दिवस लावला.

रेणूविषयी शाळेचं मत ठरलेलं होतं: मंद. तिला इंग्रजीत प्रश्न विचारला की ती आधी तो मराठीत नेऊन ठेवायची, तिथे त्याच्याकडे नीट बघायची, मग कानडीतून परत यायची. तोवर पुढच्या मुलाने उत्तर दिलेलं असायचं. शिवाय तिला एक वाईट खोड होती. ती उलटा प्रश्न विचारायची.

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीला शेंगांची जत्रा भरते. रस्ताभर भुईमुगाचे ढीग, मोजायला शेराची आणि पावशेराची मापं. मी पिशवी भरून शेंगा आणल्या आणि दुसऱ्या दिवशी वर्गात वाटल्या. अर्ध्या कर, पाव कर, मित्राला दे, परत घे. वर्गात इतका आवाज झाला की मला स्वतःलाच समाधान वाटलं. तेवढ्यात रेणू एक शेंग घेऊन आली.

“मिस, ही अर्धी कशी करू? हिच्यात तीन आहेत.”

तिने शेंग उघडून दाखवली. तीन दाणे ओळीने झोपलेले.

“तूच सांग,” मी म्हटलं.

ती बघत राहिली. आदित्य पहिल्या बाकावरून ओरडला, “एक फेकून दे! मग वन-वन!”

रेणू त्याच्याकडे वळली. “फेकलं तर मग ही शेंग कुठे राहिली? ती दुसरीच झाली की.”

मी सांगते, शिक्षकाच्या जन्मात असा क्षण येतो तेव्हा खिडक्या बंद कराव्यात, दार लावावं आणि बाकीचं जग तासभर बाहेर ठेवावं. मी ते लावायच्या आत दारात एच.एम. मॅडम उभ्या होत्या.

“ही टरफलं कोण झाडणार?”

“मुलं झाडतील, मॅडम.”

“पोर्शन कुठे आहे?”

“हाच पोर्शन आहे. अपूर्णांक.”

“शेंगा गोळा करा. पाहणी ठरली आहे.”

शेंगा गोळा झाल्या. रेणूचा प्रश्न तसाच राहिला.

पाहणी म्हणजे काय ते सांगते. आमच्या संस्थेच्या शहरात काही शाखा होत्या. संस्थेचा एक वयस्क परीक्षक दर वर्षी येऊन वर्ग बघायचा, आणि ज्या शाखेचा शेरा चांगला तिला पुढचे वर्ग मिळायचे. यंदा आमच्या शाखेला हायस्कूल हवं होतं. मॅडमनी तिसरी ‘ब’ निवडली, कारण तिसरीची मुलं गोड दिसतात. पाठ ठरला: अपूर्णांक.

मग सुरू झाली तालीम. पुठ्ठ्याची एक गोल पोळी केली, लाल आणि पिवळी, चार तुकड्यांची. प्रत्येक मुलाला एक प्रश्न नेमून दिला आणि त्याचं उत्तर. पहिल्या बाकावर आदित्य: मी अर्धी पोळी धरायची, त्याने उभं राहून म्हणायचं, “वन हाफ, सर.” त्याच्या शेजारची मुलगी: “वन फोर्थ, सर.” मग तिसरा, मग चौथी, बाकांच्या ओळीने, दिव्याच्या माळेसारखं. दिवस गेले तरी तेच. पोळीच्या कडा माझ्या बोटांनी मळल्या. कधी मी मुद्दाम तुकडा उलटा धरला तरी उत्तर ठरलेलंच यायचं. मुलं पोळीकडे बघतच नव्हती. आपली पाळी कधी, एवढंच बघत होती. यात मुलांचा काय दोष? त्यांना जे शिकवलं तेच ती मन लावून शिकत होती.

शेवटच्या दोन बाकांना प्रश्न नव्हते. मी मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या, “त्या दिवशी या मुलांना लीव्ह द्या.”

“कशासाठी?”

“वर्गात गर्दी दिसते.”

“मग पहिली दोन बाकं घरी बसवू या. तीही गर्दीतलीच आहेत.”

“तू लहान आहेस,” मॅडम समजुतीने म्हणाल्या. “हे सगळीकडे करतात.”

हे वाक्य मी त्या नोकरीत जितक्यांदा ऐकलं तितक्यांदा राष्ट्रगीतही ऐकलं नसेल. सगळीकडे करतात! म्हणजे सगळीकडे शेवटच्या बाकावरची मुलं एका सकाळी उठून घरीच बसतात, आणि त्यांच्या घरच्यांना सांगितलं जातं की आज शाळेला सुट्टी आहे. आमच्याकडेही तसंच झालं. मी सांगायला नकार दिला, तर मॅडमनी शाळेच्या आयेला, मुनियम्माला, त्या दोन बाकांशी पाठवलं. “उद्या रजा,” मुनियम्मा म्हणाली. “कसली?” रेणूने विचारलं. मुनियम्मा म्हणाली, “मला काय माहीत पोरी, मला तर यायचंच आहे.”

पाहणीच्या दिवशी पायऱ्यांवर रांगोळी आणि दारावर झेंडूची माळ होती. परीक्षक आले. निवृत्त हेडमास्तर, पांढरं धोतर, काळा कोट. त्यांना सगळे आदराने ‘मेष्ट्रु’ म्हणायचे, कानडीत मास्तर. वर्गात आले, खुर्चीवर बसले नाहीत, सरळ आदित्यच्या बाकाशी गेले आणि प्रेमाने इंग्रजीत विचारलं, “बाळ, तुझं नाव काय?”

आदित्य उभा राहिला. खणखणीत आवाजात म्हणाला, “वन हाफ, सर.”

मेष्ट्रु चपापले. शेजारच्या मुलीला विचारलं, “आणि तू कुठे राहतेस?”

“वन फोर्थ, सर.”

पुढचा मुलगा तर प्रश्नाची वाट न बघताच उभा राहिला. सगळी ओळ धडाधड उत्तरं देत मागेपर्यंत गेली. माझ्या हातात पोळीसुद्धा नव्हती; ती टेबलावरच होती. मेष्ट्रूंना हसता हसता ठसका लागला. मॅडम हसत नव्हत्या. “पाणी,” मेष्ट्रु म्हणाले आणि स्वतःच बाहेर पडले. मॅडम मागोमाग धावल्या. मी मॅडमच्या मागे.

पाण्याचा माठ पहिलीच्या वर्गाबाहेर होता. पाणी पिता पिता मेष्ट्रूंनी आत डोकावलं. पहिलीच्या चिमुकल्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन, रेणू बसली होती. आजूबाजूची पोरं तिच्या खांद्याखाली. घराला कुलूप लावून आई कामावर गेली होती. दुसरीकडे जायला जागा नव्हती म्हणून ती शाळेत आली आणि मुनियम्माने तिला तिथे बसवलं.

“याव क्लास, मगु?” मेष्ट्रूंनी विचारलं. कुठल्या वर्गात गं, बाळ?

“तिसरी.”

“मग इथे का?”

“तिसरीत आज पाहुणे आहेत.”

मेष्ट्रूंनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम माठाकडे बघत होत्या. मग ते वाकले आणि तोच प्रश्न विचारला, जो मी कागदात लिहिला होता. “या टर्मला काय शिकलीस?”

रेणूने नेहमीप्रमाणे वेळ घेतला. विचार केला. मग कानडीत, अगदी सरळ सांगितलं, “पाहुणे आले की लहान मुलांत बसायचं.”

मला वाटलं, आता आभाळ कोसळेल. काही कोसळलं नाही. मेष्ट्रूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, ऑफिसात जाऊन कॉफी घेतली आणि शेरा लिहिला: उत्तम. ते निघाले तेव्हा मी पायऱ्यांवर त्यांना गाठलं.

“सर, तुम्ही पाहिलंत ना?”

“पाहिलं, अम्मा. जन्मभर पाहतोय.” ते चप्पल घालत होते. “आमच्या वेळी अशा मुलांना मागच्या दाराने बाहेर काढायचो. तुम्ही निदान सावलीत तरी बसवता. सुधारणा आहे.”

ते चांगले गृहस्थ होते, असं सगळे म्हणतात. मीही म्हणते. आणि म्हणूनच मला त्या वाक्याचा इतका संताप येतो. दुष्ट माणसाने हे म्हटलं असतं तर मी रिक्षेत बसून घरी गेले असते आणि विसरले असते.

त्यानंतरच्या आठवड्यात सरोजक्काला शाळेतून बोलावणं गेलं. तिला वाटलं, मिसने सांगितलेला तो दिवस आला. ती रजा टाकून, धुवट साडी नेसून आली. ऑफिसबाहेरच्या बाकावर आदित्यचे बाबाही बसले होते. आत आधी त्यांना बोलावलं. दार उघडं होतं, मी व्हरांड्यात होते. सगळं ऐकू येत होतं.

“मॅडम, आय ॲम अ बिट कन्सर्न्ड. आदित्यला काहीही विचारलं तरी तो वन हाफ म्हणतो. काल विचारलं, जेवलास का? वन हाफ! माझी मिसेस रडायला लागली.”

त्यांना कॉफी मिळाली. आदित्यचा आत्मविश्वास वाढल्याचं सांगण्यात आलं. त्याच्याकडे स्वतंत्र लक्ष देऊ, असं आश्वासनही.

मग सरोजक्का आत गेली. तिला खुर्ची दिली नाही. मॅडम कानडीत म्हणाल्या, “नाताळनंतर दुसरी शाळा बघा. टी.सी. तयार ठेवते. आता हायस्कूल होणार, ही मुलगी टिकणार नाही.”

“काय चुकलं तिचं, मॅडम?”

“ती स्लो आहे.”

सरोजक्का म्हणाली, “आमच्या फॅक्टरीत मॅडम, शिलाईचा पीस चेकिंगला जातो. चुकला तर आल्टरला परत येतो. उसवतात, पुन्हा शिवतात. कोण फेकत नाही. आणि सुपरवायझर ओरडतो तो शिवणारीवर ओरडतो, कापडावर नाही.”

“ही शाळा आहे,” मॅडम म्हणाल्या.

“होय की. म्हणूनच विचारते.”

तिने सही केली नाही. टी.सी.साठी, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी, पालकाचा अर्ज लागतो. तो तिने दिला नाही आणि बाहेर आली. व्हरांड्यात तिने मला विचारलं, या वेळी आमच्या मराठीत, “मिस, तुम्ही बोलावलं म्हणून मी आले. पोरीला विचारायचं राहूनच गेलं.”

आदित्यचे बाबा अजून तिथेच होते. मी त्यांच्याकडे वळले. “सर, आत तुम्ही रागावलात तर कॉफी आली. त्यातला थोडा राग हिला उसना द्या ना. तुमचं ऐकतात.”

ते ओशाळले. “आय मीन, इट्स अनफॉर्च्युनेट. पण मॅडम, तो त्यांचा इश्यू आहे. मी कसा मध्ये पडणार?”

“अमेरिकेला कधी निघताय?” मी विचारलं. हे बोलायला नको होतं असं आई म्हणते. मला तसं वाटत नाही.

त्या संध्याकाळी मी वडिलांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मग लिही. पण त्या बाईला विचारल्याशिवाय एक अक्षर छापू नकोस. नोकरी तुझी जाईल, शाळा तिच्या पोरीची.” मी सरोजक्काच्या खोलीवर गेले. नाव न घालता लिहिते, म्हटलं.

“अय्यो, नाव का नको?” ती म्हणाली. “बिननावाचं कोण वाचतं? माझं घाला, पोरीचं घाला. तिने चोरी केलेली नाही.”

मी पत्रक लिहिलं. वडिलांनी वाचलं आणि पेन्सिलीने एकेक उद्गारचिन्ह काढून टाकलं. “राग वाक्यात असू दे,” म्हणाले. मॅडमनी खोडलं तेव्हा मला राग आला होता. वडिलांनी खोडलं तेव्हा कळलं.

नाताळच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी, पालक मुलांना न्यायला आले तेव्हा, मी शाळेच्या फाटकाशी उभी राहून ते वाटलं. कानडी आणि इंग्रजी. वर लिहिलं होतं: ‘तिसरी ब दसऱ्यानंतर काय शिकली.’ खाली फार काही नव्हतं. पहिल्या बाकांवरची मुलं न पाहता उत्तर द्यायला शिकली. मागच्या बाकांवरची मुलं पाहुण्यांपासून लपायला शिकली. पाहणीच्या दिवशी तुमच्या मुलाला सुट्टी होती का? शाळेला नव्हती. रेणुकाने तीन दाण्यांची शेंग अर्धी कशी करायची, असं विचारलं होतं. तिला उत्तर देण्याऐवजी टी.सी. दिला जातो आहे. खाली माझं नाव आणि सरोजक्काचं.

पत्रकं वाटताना माझ्या हाताला एक सवय आहे, लहानपणापासूनची. माणसाच्या डोळ्यांत बघून द्यायचं. त्या दिवशी लोक थांबत होते. शेवटच्या दोन बाकांचे पालक, एक रिक्षावाला, एक फुलं विकणारी, एक बँकेतला शिपाई, हे सगळे जागीच उभे राहून वाचत होते. त्यांना पहिल्यांदा कळत होतं की त्या दिवशी शाळा भरली होती. “माझ्या पोराला सांगितलं लोकल हॉलिडे,” रिक्षावाला म्हणाला. “मी त्याला दिवसभर रिक्षात घेऊन फिरलो!” मग ते सगळे एकदम आत गेले. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं. ऑफिस भरलं, व्हरांडा भरला. रिक्षावाला विचारत होता, फुलवाली विचारत होती, तो दिवस सुट्टीचा होता का? मॅडम म्हणत होत्या, एकेक जण या, अर्ज लिहून आणा.

तेवढ्यात मागून एक आवाज आला, इंग्रजीत. आदित्यचे बाबा. अंगात कोट, हातात पत्रक. “मॅडम, इट्स अ सिंपल क्वेश्चन. हॉलिडे होता की नव्हता?”

मॅडमनी त्यांना ताबडतोब उत्तर दिलं. “नव्हता, सर.”

त्यांचे आभार मी मानले, आजही मानते. पण हेही लिहून ठेवते की तोच प्रश्न त्याआधी अनेकांनी कानडीत विचारला होता, आणि उत्तर कोट घातलेल्या माणसाला मिळालं.

नव्हता, एवढं एकदा तोंडातून गेल्यावर पुढचं अवघड नव्हतं. इतक्या पालकांसमोर एका मुलीचा टी.सी. मागे न घेणं मॅडमना परवडणारं नव्हतं. रेणू राहिली. मी गेले. त्यात मला आश्चर्य वाटलं नाही. मॅडमनी मला पत्र देताना म्हटलं, “तुझ्यात चांगली शिक्षिका होती.” मी म्हटलं, “अजून आहे.” आता मी मागडी रस्त्याजवळच्या एका छोट्या कानडी शाळेत आहे. तिथेही पोर्शन आहे. तिथेही मी भांडते.

शाळेला हायस्कूल मिळालं. शेरा उत्तमच राहिला. पाहणीची पद्धत बदलली असं कुणी मला सांगितलेलं नाही, आणि यंदाच्या दसऱ्यानंतरही शहरभर कुठल्या ना कुठल्या वर्गात पुठ्ठ्याची पोळी बाहेर निघेल. हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांची मुलं पहिल्या बाकावर बसतात त्यांना माझं एकच सांगणं आहे: शेवटचं बाक त्या दिवशी कुठे होतं, हे विचारा. तुम्हाला उत्तर मिळतं.

त्याच शैक्षणिक वर्षात संक्रांतीनंतर मी अनुभवाचा दाखला मागायला त्या शाळेत गेले होते. मधली सुट्टी होती. रखवालदाराने मला फाटकाबाहेर थांबवलं, मॅडमना विचारतो म्हणाला. मी उभी होते तर गजांपलीकडून हाक आली.

“मिस!”

रेणू. फ्रॉकच्या खिशात हात घालून तिने एक शेंग काढली. “मिस, मी केली.”

“काय केलीस?”

“अर्धी.”

तिने शेंग दाबून उघडली. तीन दाणे. एक डाव्या तळहातावर ठेवला, एक उजव्या. मधला दोन बोटांत चोळला. साल निघालं, आणि दाण्याचे आपसूक दोन सारखे भाग झाले. तिने एक भाग डावीकडे ठेवला, एक उजवीकडे.

“मधला स्वतःच दोन होतो मिस. कुणाला फेकायला लागत नाही.”

मग तिने उजवा हात गजांतून बाहेर काढला आणि तिची दीड दाण्यांची अर्धी शेंग माझ्या हातावर ठेवली. घंटा झाली. ती पळाली, तिसरी ‘ब’कडे.

मी ती अर्धी शेंग तिथेच उभी राहून खाल्ली आणि दाखला मागायला आत गेले.